भोंगा

माझ्या प्रोग्रॅममध्ये चार थ्रेड.
एक काट्यावरचं वजन वाचणारा,
एक पावती छापणारा,
एक हेड ऑफिसला आकडे धाडणारा,
आणि चौथा, झोपाळू,
दर पाच मिनिटांनी उठून
बाकीचे जिवंत आहेत का बघतो, परत झोपतो.

जानेवारीत एका रात्री तिसरा अडकला.
वडकीला नेट नव्हतं, टॉवरवर माकडं बसली होती.
शेठचा मुलगा म्हणाला, काढून टाक त्याला.
मी काढला. एका ओळीत.
हातात काय आहे, विचारलं नाही.

हातात वहीचं कुलूप होतं.
किल्ली त्याच्याबरोबर गेली.
पावतीवाला वहीपाशी उभा,
वजनवाला पावतीवाल्यामागे उभा,
आणि फाटकाबाहेर बंड्या, मेटाडोर, ट्रॅक्टर
थेट नाल्याच्या पुलापर्यंत.
स्क्रीनवर एकही चूक नाही.
सगळे जिवंत.
सगळे उभे.
याला थांबणं म्हणत नाहीत.

पुंजाराम मिस्त्री आला, बिडी फाटकाबाहेर चुरडून.
स्क्रीनकडे पाहिलंसुद्धा नाही.
"मंधातच उठोलं का कोनाले?"
मी मान हलवली.
"चाल."

जिनघरात चोवीस रेचे एका रांगेत.
इतका आवाज, की माणसाचं बोलणं
त्याच्या ओठांवरून वाचावं लागतं.
"भोंगा कोनाले थांबोत नाई, पोरी.
भोंगा फकस्त सांगते."

आणि या गदारोळात भोंगाही बुडतो, म्हणून
प्रत्येक रेच्याच्या डोक्यावर लाल दिवा.
दिवाही कुणाचा हात धरत नाही.
टोपलं रिकामं झालं की मान वर करायची,
पाहायचं,
मग पुढचं टोपलं.

सतराव्या रेच्यावर वनमाला खंडाते, नवीन.
पाळी सुरू होताना तिनं दिवा पाहिला होता,
विझलेला होता.
तोच विझलेला दिवा डोळ्यांत धरून
ती ओतत राहिली,
खरा दिवा लागून दहा मिनिटं झाली तरी.
तिला कुणी सांगितलंच नव्हतं
की आठवणीतला नाही,
भिंतीवरचा पाहायचा असतो.
दर वेळी.

मिस्त्रीनं मेन स्विचला हात लावला नाही.
आधी कापूस ओतणं बंद झालं.
रुळांनी धरलेलं होतं ते रुळांनी सोडलं,
सरकी खाली, रुई पुढे.
"तोंडातला घास गिळू द्या लागते.
एका साली मालकानं घाईत मेन पाडला.
सकाळी चालू केलं तं पट्टा जळला,
धा दिवस वास गेला नाई."
मग एकेक मोटर.
ओढणारा पंखा सगळ्यांत शेवटी,
कारण रेचे गप्प झाले तरी
पाइपात रुई उडतच असते.

त्या रात्री मी मारायची ओळ पुसली.
प्रत्येकाच्या फेऱ्याच्या तोंडाशी
एक लहानसा प्रश्न लिहिला: दिवा लागलाय का?
आणि जाताना कुलूप उघडून जा,
काहीही झालं तरी, ठेच लागून पडलास तरी.
आणि खाली, अगदी तळाला, माझ्यासाठी:
सगळे येईपर्यंत इथेच उभी राहा.

उजाडताना भोंगा झाला.
मिस्त्री फाटकाशी माणसं मोजत होता.
केसांत रुई घेऊन वनमाला बाहेर आली.
माझ्याकडे वजनवाला आला,
पावतीवाला आला,
हेड ऑफिसवाला उशिरा, पण हात रिकामे करून.
कर्सर लुकलुकत राहिला.

"एक कमी हाय," मिस्त्री म्हणाला.

गंजीवर सुखदेव घोरत होता,
गाडी आली की उठवा, असं सांगून झोपलेला.
गाड्या संपल्या होत्या.
झोपलेल्याला दिवा दिसत नाही,
त्याच्यापर्यंत चालत जावं लागतं.
माझा चौथाही तसाच, पाच मिनिटांच्या झोपेत,
उठून पुन्हा मोजणार होता
घरी गेलेल्यांना.

"जाय, हालव त्याले," मिस्त्री म्हणाला.
"हळू. दचकन तो."